कुरणशाळा
कुरणशाळा : गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी चराऊ रानातच भरविण्यात येणारी शाळा. ठाणे (२०१४ पासून पालघर) जिल्ह्यातील कोसबाड येथे ताराबाई मोडक (१८९२–१९७३) व अनुताई वाघ (१९१०–९२) यांनी हा प्रयोग केला. डहाणू तालुका आणि अच्छाड, झरी इ. गावांचा तलासरी तालुका हा वारली जमातीचा प्रदेश. येथील जमीनदार वारल्यांकडून वेठबिगार घेत. तिच्याविरुद्ध १९४५ मध्ये गोदावरी परुळेकर प्रभृतींच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी लढा दिला. त्याच वर्षी बोर्डी येथे स्थापन झालेले ग्राम बालशिक्षा केंद्र १९५७ मध्ये कोसबाडला हलविण्यात आले.

गुरांमागे जाणारी मुले शाळेत येऊ शकत नसत. म्हणून शिक्षकच कुरणात जात. महागड्या माँटेसरी साधनांऐवजी बिया, पाने, खडे, शिंपले अशा परिसरातील वस्तू गणन व वर्गीकरण शिकविण्यासाठी वापरीत. त्यामुळे खर्च वाचे आणि मुलांना परिचित असलेले रानच अभ्यासाचे साधन बने. गैरहजेरीचा दोष मुलाच्या जमातीवर न ठेवता तो शाळेच्या वेळेत, जागेत व साधनांत शोधावा, हे या प्रयोगाचे मुख्य तत्त्व होय. वेठ नाहीशी झाली, तरी शिक्षणाअभावी हिशोब व दस्तऐवज परक्याच्याच हाती राहतात. म्हणून सामाजिक समतेच्या दृष्टीने त्याचे महत्त्व विशेष आहे.