मंडळीची सेवा, लेखांक ४ : वरिष्ठ पाळकांना साहाय्यकाकडून काय हवं असतं?

मागच्या आठवड्यात आपण साहाय्यक पाळकाच्या अडचणी पाहिल्या. आता पाळकसाहेबांच्या खुर्चीकडे वळू.

चर्च ऑफ नॉर्थ इंडिया २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात स्थापन झाली. तिच्या मंडळ्यांत नेमणुका बिशप करतात, त्यामुळे वरिष्ठाला आपला साहाय्यक बहुधा स्वतः निवडता येत नाही. सेमिनरीतून नुकताच आलेला तरुण सहसा डीकन असतो. तो उपदेश करतो, पण प्रभुभोजनाचा विधी चालवण्याचा अधिकार त्याला प्रेस्बिटरची दीक्षा मिळाल्यावरच येतो. तोवर शब्बाथशाळा, तरुण संघ, घरभेटी आणि आजाऱ्यांची विचारपूस हीच त्याची मुख्य कामं.

या कामांत वरिष्ठाची पहिली अपेक्षा वक्तृत्वाची नसते. मंडळीत काय चाललंय ते त्याला वेळेवर कळावं, एवढीच असते. कुणी दवाखान्यात दाखल झालं, कुणाच्या घरात वाटणीवरून बोलणं तुटलं, तर ते रविवारी चर्चच्या पायरीवर तिसऱ्याच माणसाकडून ऐकावं लागू नये. घरभेटीत कुणी हातात दान ठेवलं, तर त्याची पावती त्याच दिवशी फाडलेली असावी. विश्वासाने सांगितलेलं गुपित मात्र वेगळं; ते वरिष्ठालाही सांगायचं नसतं, आणि समंजस पाळक ते विचारतही नाही.

खरी कसोटी नाराज माणसांपाशी लागते. ती हमखास तरुणाकडे येतात. ‘साहेबांपेक्षा तुमचाच उपदेश बरा,’ हे वाक्य कानाला गोड लागतं, पण मंडळीत दोन तट पडायला तेवढं पुरतं. अशा वेळी ‘चला, साहेबांकडे जाऊ, मी सोबत येतो,’ असं म्हणणारा साहाय्यक वरिष्ठाला हवा असतो. मतभेद असावेत, पण ते दोघांनी बसून बोलावेत. हिशेबात घोळ असेल किंवा कुणावर अन्याय होत असेल, तर मात्र गप्प राहणं निष्ठेत बसत नाही; तिथे बिशपांकडे जायलाच हवं.

अपेक्षेपायी माणसं दुरावतातही. प्रेषितांच्या कृत्यांत, पंफुल्यात साथ सोडून गेलेल्या मार्काला पुन्हा बरोबर घ्यायला पौल तयार झाला नाही, आणि त्यावरून बर्णबा व तो वेगळे झाले. पुढे तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात मात्र तो त्याच मार्काला सेवेसाठी उपयोगी म्हणून बोलावून घेतो. साथीदाराने अर्ध्यावर सोडू नये, ही पौलाची अपेक्षा मला रास्त वाटते. निवाडा घाईचा होता.

कित्येक वरिष्ठ तर अपेक्षा बोलूनही दाखवत नाहीत आणि वर्षभर मनात धुमसत राहतात. त्यापेक्षा सोमवारी दोघांनी तासभर बसावं : आधी प्रार्थना, मग कालचा उपदेश, आजाऱ्यांची यादी, आठवड्याच्या घरभेटी. सुरुवात वरिष्ठानेच करावी, कारण नवा माणूस वेळ मागायला कचरतो.

पुढच्या लेखांकात पास्टोरेट कमिटी आणि साहाय्यक पाळकाचं मानधन.