सरोवरातली बुगाटी

१२ जुलै २००९. स्वित्झर्लंडमधल्या आस्कोना गावच्या काठावर बघ्यांची गर्दी लोटली होती. माज्जोरे सरोवराच्या तळातून, सुमारे ५३ मीटर खोलीवरून, तिथल्या हौशी पाणबुड्यांनी त्या दिवशी एक मोटार वर काढली. १९२५ सालची बुगाटी, टाइप २२, ‘ब्रेशिया’ म्हणून ओळखली जाणारी. पाणी निथळत ती वर आली तेव्हा पत्र्याची चाळण झालेली होती, अंगावर सत्तर वर्षांचा गाळ होता. पण चाकं जागेवर होती, आणि ही एके काळची देखणी, चपळ गाडी आहे हे कुणाला सांगावं लागत नव्हतं.

ती पाण्यात गेली कशी, याची गावात सांगितली जाणारी हकिगत अशी. गाडीची जकात थकली होती आणि मालकाचा पत्ता नव्हता. जकात न भरलेला माल नष्ट करणं अधिकाऱ्यांना भाग होतं. १९३६ च्या सुमारास त्यांनी गाडी साखळीला बांधून सरोवरात सोडली. कुणी पैसे भरायला आलंच तर ओढून काढता यावी म्हणून. कुणी आलं नाही. साखळी गंजून तुटली आणि गाडी तळाला गेली. १९६७ मध्ये ती एका पाणबुड्याला सापडली, आणि पुढची चार दशकं तिथं बुडी मारणाऱ्यांचं ते आवडतं ठिकाण होऊन गेलं. २००८ साली लोकार्नोच्या कार्निव्हलमध्ये या पाणबुड्यांच्या क्लबच्या ओळखीतला २२ वर्षांचा एक तरुण मारहाणीत गेला. त्याच्या नावानं तरुणांमधल्या हिंसेविरुद्ध काम करणारी संस्था उभी राहिली. तिला पैसा मिळावा म्हणून क्लबनं ही गाडी वर काढली. जानेवारी २०१० मध्ये पॅरिसच्या लिलावात तिला २,६०,५०० युरो आले. घेणारे होते कॅलिफोर्नियातले संग्राहक पीटर मुलिन.

आता तिचं करायचं काय? जुन्या वेगवान गाडीवर जीव असलेल्या प्रत्येकापुढे कधी ना कधी हा प्रश्न येतो. सोसायटीच्या कोपऱ्यात आच्छादनाखाली वडिलांची गाडी उभी असते. विशीत असताना घाटात तिनं दिलेला आनंद विसरता येत नाही, आणि भंगारवाला दर महिन्याला भाव विचारून जातो. असं कुणी मला विचारलं की मी त्यांना आमच्या ओळखीच्या डेंटरमामांकडे नेतो. मामा बॉनेट उघडतच नाहीत.

“इंजिनाचं सोडा साहेब, ते उभं राहील. खाली वाका.”

मग ते खिशातून मऊ फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक काढतात आणि दाराखालच्या पट्टीवरून हळूहळू सरकवत नेतात. चुंबक पत्र्याला धरून असतं, धरून असतं, आणि एका जागी गळून मामांच्या तळहातात पडतं. तिथं पत्रा नाही. रंगाखाली लांबी भरलेली आहे, कुणीतरी भोक बुजवून वर पॉलिश केलं आहे. मामा खडूनं फुली मारतात. एका गाडीला त्यांनी अशा अकरा फुल्या मारलेल्या मी पाहिल्या आहेत. त्या मालकाचा चेहरा मला अजून आठवतो.

दाराखालीच का? बॉनेटवर आणि टपावर ऊनपाऊस थेट पडतो, मग तिथला पत्रा आधी सडायला हवा. याचं उत्तर केंब्रिजमधल्या युलिक इव्हान्स या शास्त्रज्ञानं विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मिठाच्या पाण्याच्या एका थेंबातून शोधलं. हा प्रयोग शाळेच्या प्रयोगशाळेतही करता येतो आणि प्रत्येक मुलानं तो एकदा तरी पाहावा. घासून लख्ख केलेल्या लोखंडी पट्टीवर मिठाच्या पाण्याचा थेंब ठेवायचा. त्यात थोडं पोटॅशियम फेरिसायनाइड आणि फिनॉल्फ्थॅलिन मिसळलेलं असतं. पहिलं द्रव्य लोखंड विरघळू लागलं की निळं होतं, दुसरं अल्कली तयार झालं की गुलाबी. सुरुवातीला थेंबात निळे-गुलाबी ठिपके विखुरलेले दिसतात. थोड्या वेळानं चित्र स्थिरावतं: मधोमध निळा डाग, कडेनं गुलाबी वलय, आणि दोन्हींच्या मध्ये गंजाचं तपकिरी रिंगण.

थेंबाच्या कडेला पाण्याचा थर पातळ असतो, तिथं हवेतला ऑक्सिजन सहज पोचतो. मधे थर जाड, ऑक्सिजन कमी. या फरकामुळे एकाच पट्टीवर एक छोटा विद्युतघट तयार होतो. जिथं ऑक्सिजन भरपूर तिथं इलेक्ट्रॉन वापरले जातात. जिथं तो कमी, तिथलं लोखंड ते इलेक्ट्रॉन पुरवत स्वतः झिजतं. म्हणजे गंज दिसतो एकीकडे आणि धातू खाल्ला जातो त्याच्या शेजारी, आडोशाला. चिखल साचलेली फट, दोन पत्र्यांमधली शिवण, बुजलेलं निचऱ्याचं छिद्र, ओलं राहिलेलं कार्पेट या सगळ्या थेंबाच्या मधल्या जागा आहेत. टप पावसात भिजतो, पण तासाभरात वाळतो.

मिठानं यात भर पडते, कारण खारं पाणी वीज चांगली वाहून नेतं आणि क्लोराइड धातूवरचा संरक्षक थर फोडतं. लोखंडाच्या गंजण्याला हवेतल्या आर्द्रतेची एक पायरीही असते: सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की वेग झपाट्यानं वाढतो. मुंबईचा, रत्नागिरीचा किंवा पणजीचा पावसाळा महिनोन्‌महिने त्या पायरीच्या वरच असतो. अशा हवेत प्लास्टिकचं जाड आच्छादन घालून गाडी बंद ठेवणं म्हणजे तिला वाफेच्या डब्यात ठेवणं. त्यापेक्षा नुसती छपराखाली, चारी बाजूंनी वारा लागेल अशी ठेवलेली गाडी जास्त टिकते. माज्जोरेचं पाणी गोडं आणि तळाशी थंडगार होतं. त्या पाण्यात हे विद्युतघट दुबळे राहिले, म्हणून सात दशकांनंतरही वर काढण्याजोगं काही उरलं. तीच गाडी अरबी समुद्रात टाकली असती तर काय हाती आलं असतं, याची कल्पना करवत नाही.

गंजाचा आणखी एक स्वभाव डेंटरला पुरता माहीत असतो. तो मूळ लोखंडापेक्षा दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा व्यापतो. दोन पत्र्यांच्या शिवणीत तो धरला की आतून पाचर ठोकल्यासारखी शिवण फुगते आणि वेल्डिंगचे टाके एकेक करून सुटतात. जुन्या जीपसारख्या गाडीत हे चालून जातं, कारण तिचा भार खालची जाड चासी पेलते आणि वरचा डबा बदलता येतो. पण गेल्या काही दशकांतल्या बहुतेक मोटारींना वेगळी चासी नाही. पाऊण मिलिमीटरचा पत्रा दुमडून, हजारो टाक्यांनी सांधून केलेली पेटी हाच त्यांचा सांगाडा. दाराखालची पोकळ पट्टी ही त्या पेटीची तुळई. वेगवान गाडीत तर वळणावर सस्पेन्शनचा बराचसा पीळ तीच सोसते. ती आतून खाल्ली गेली असेल तर गाडी चालेल, धावेल, रंगवल्यावर चमकेलही. अपघातात मात्र ती घडी घालावी तशी मिटेल. एक फुली असेल तर पत्रा कापून नवा जोडता येतो. अकरा असतील तर पेटी जिगवर चढवून मापं धरत जवळजवळ नवीच बांधावी लागते.

इंजिनाबद्दल मामा निश्चिंत असतात, त्यालाही कारण आहे. ओतीव लोखंडाचा ब्लॉक जाड असतो. सिलिंडर झिजला तर पाव किंवा अर्धा मिलिमीटर बोअर करून मोठा पिस्टन घालायचा. क्रँक झिजला तर ग्राइंड करून जाड बेअरिंगं बसवायची. ही दुरुस्ती गृहीत धरूनच तो ब्लॉक ओतलेला असतो. पत्र्याच्या पेटीला अशी शिल्लक ठेवलेली नसते. तरी घरोघरी लोक इंजिन सुरू झालं की आनंदतात आणि निर्णय तिथंच घेऊन टाकतात. माझ्या मते हीच सगळ्यात महागाची चूक.

पैसा आणि चिकाटी यांना मर्यादा नसेल, तर मात्र कुठलीही गाडी पुन्हा उभी करता येते. अर्जेंटिनातली पूर सांग ही कार्यशाळा बुगाटी टाइप ३५ च्या हुबेहूब नव्या गाड्या घडवते, धातू ओतण्यापासून. मग सरोवरातल्या ब्रेशियाला नवा सांगाडा, नवं अंग, नवं इंजिन देणं अवघड नव्हतंच. गाडीही तशा मानाची. १९२१ मध्ये इटलीतल्या ब्रेशिया इथल्या शर्यतीत बुगाटींनी पहिले चारही क्रमांक पटकावले, त्यावरून हे नाव पडलं. चार सिलिंडर, प्रत्येकाला चार झडपा. साध्या घरगुती गाड्यांत ‘सोळा व्हॉल्व्ह’ ही अक्षरं अभिमानानं मिरवायला त्यानंतर साठेक वर्षं जावी लागली.

पण नवं घालत गेलो तर कुठपर्यंत ती तीच गाडी? हा वाद लंडनच्या न्यायालयानं १९९० मध्ये प्रत्यक्ष ऐकला आहे. १९२९ आणि १९३० अशी दोन वर्षं ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकलेली बेंटली ‘ओल्ड नंबर वन’ एक कोटी पौंडांना विकायचा सौदा झाला होता. घेणाऱ्यानं ऐन वेळी हात आखडला. म्हणाला, ही ती गाडीच नव्हे. तपासात दिसलं की १९२९ च्या गाडीतलं जवळजवळ काहीच उरलेलं नव्हतं. शर्यतींसाठी तिचे भाग बदलत गेले, १९३२ मध्ये ब्रुकलँड्सच्या भीषण अपघातानंतर ती पुन्हा बांधली गेली. तरीही न्यायमूर्ती ऑटन यांनी निकाल विकणाऱ्याच्या बाजूनं दिला. गाडी बदलत गेली, पण मधे कधी नाहीशी झाली नाही. तिचा इतिहास सलग आहे, म्हणून ती तीच. मला हा निकाल मनापासून पटतो. चालत्या गाडीचं झिजणं आणि बदलणं हे तिचं जगणंच आहे. सरोवरातल्या गाडीचं जगणं मात्र १९३६ च्या आसपास थांबलं होतं.

आपल्याकडचा नियमही याच प्रश्नाशी येऊन थांबतो. जुलै २०२१ पासून पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी आणि पाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरं मिळतात. अट अशी की गाडी मूळ रूपात राखलेली हवी. चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नको. म्हणजे हौसेनं नवं इंजिन बसवून, अंग बदलून केलेला कायापालट गाडीचं जुनेपणच काढून घेऊ शकतो. रंग खरवडण्याआधी थांबावं, ते यासाठीही. जाणते लोक एका झाकलेल्या कोपऱ्यात नाण्याएवढी जागा बारीक पॉलिशपेपरनं हलकेच घासतात. झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारखे रंगाचे थर दिसू लागतात: वरचा अलीकडचा लाल, खाली पांढरा, त्याखाली प्रायमर, मग पुन्हा एक निळा आणि त्याचा प्रायमर. कारखान्यातून ती निळी निघाली होती, हे तिथं लिहिलेलं असतं. सगळं अंग सँडब्लास्ट केलं की हा मजकूर कायमचा पुसला जातो.

भंगारात काढणं म्हणजे पाप, असं मी मानत नाही. पोलाद पुन्हा वितळतं आणि खनिजापासून नवं करण्यापेक्षा त्यात ऊर्जा कितीतरी कमी लागते. अॅल्युमिनियमच्या बाबतीत तर अवघी पाच टक्के. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधून काही ग्रॅम प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम परत मिळतं. फक्त गाडीची पुन्हा गाडी सहसा होत नाही. वायरिंगमधलं तांबं चुरडताना पोलादात मिसळतं आणि वितळल्यावर ते वेगळं काढता येत नाही. गाडीच्या पत्र्याला तांबं ०.१ टक्क्याच्या आतच चालतं, नाहीतर लाटताना पृष्ठभागाला चिरा जातात. इमारतीच्या सळईला जास्त चालतं. त्यामुळे गाड्यांचं पोलाद बहुधा सळयांकडे वळतं. जालन्याच्या भट्ट्यांमध्ये तर भंगारापासून सळया करण्याचा उद्योगच उभा आहे. अकरा फुल्यांच्या, हजारोंनी निघालेल्या एका मॉडेलच्या गाडीनं कुणाच्या तरी स्लॅबमध्ये सळई होऊन राहणं मला चांगलंच वाटतं. आधी इंजिन, गिअरबॉक्स, दिवे, मीटर उतरवून घ्यावेत, म्हणजे तिची दुसरी एखादी बहीण रस्त्यावर राहील.

प्रदूषणाचा मुद्दा हमखास निघतो, म्हणून एक साधा हिशेब. लिटरभर पेट्रोल जाळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. रविवारी सकाळी काढायची गाडी वर्षाला हजार किलोमीटर चालली आणि लिटरला दहा किलोमीटर देत असली, तर वर्षाला २३० किलो. नवी मोटार बनवतानाच काही टन बाहेर पडतो. सहा टन धरला तर जुनीची सव्वीस वर्षं त्यात बसतात. रोजच्या ऑफिसच्या वाटेवर हे गणित उलटतं, आणि कन्व्हर्टर नसलेल्या गाडीचा कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेलं पेट्रोल शेजाऱ्यांच्या नाकात जातं ते वेगळंच. जुनी गाडी राखायची तर ती थोडी चालवावी आणि नीट ट्यून करून चालवावी.

मुलिन यांच्याकडे पैसा होता, कारागीर होते, बुगाटींचा जगातला एक नामांकित संग्रह होता. या गाडीतला पाचवा हिस्सा पुन्हा वापरता येईल असा अंदाज होता. उरलेले चार हिस्से नवे घालून ती झळझळीत उभी करता आली असती. त्यांनी ती तशीच ठेवली. ऑक्सनार्डमधल्या त्यांच्या संग्रहालयात, चकचकीत गाड्यांच्या ताफ्यात, मंद उजेडात ती उभी राहिली: चाळण झालेला पत्रा, कडांना तपकिरी पापुद्रे, सरोवरानं दिलेला रंग. तिची देखभाल म्हणजे कोरडी हवा. इव्हान्सचा तो थेंब तिच्यावर पुन्हा कधी धरू नये, एवढं पाहायचं.