पंगतीत एकटे पडू नये म्हणून

कोलकात्यातील गार्डन रीच येथे जहाजबांधणीचा कारखाना व दक्षिण-पूर्व रेल्वेचे मुख्यालय आहे. बदलीवर तेथे गेलेल्या मराठी कुटुंबातील मुलांना मायबोली मिळते ती घरातच. कमी ऐकू येणाऱ्या बालकाला मात्र ती सहज कानावर पडून मिळत नाही. समोर बसून द्यावी लागते.

जन्मानंतर १ महिन्यात श्रवणचाचणी, ३ महिन्यांत निदान व ६ महिन्यांत उपाययोजना सुरू व्हावी, असा तज्ज्ञांचा दंडक आहे. मुंबईच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेचे प्रादेशिक केंद्र कोलकात्यात बनहुगली येथे आहे.

श्रवणयंत्र बोलण्याबरोबर गोंगाटही वाढवते. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाल्यास आवाज सुमारे ६ डेसिबलने घटतो. म्हणून स्वयंपाकघरातून हाक न मारता जवळ जावे, बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर उजेड असावा, टीव्ही बंद ठेवावा. न समजल्यास ओरडण्यापेक्षा शब्द बदलून सांगावे.

जेवताना सारे हसतात, मूल कारण विचारते आणि ‘काही नाही, नंतर सांगते’ असे उत्तर मिळते. तेथेच ते घरात परके होते. तो विनोद त्याच क्षणी, खुणांची जोड देऊन पुन्हा सांगावा.

यंत्रासाठी पैशांची तरतूद करता येते. वेळेची तरतूद मात्र घरातील प्रत्येकाला स्वतःच्याच खात्यातून करावी लागते.