‘ताठ बस’ म्हटल्याने कोणी ताठ का बसत नाही?

तत्त्वज्ञानाचा माणूस कंबरदुखीवर काय बोलणार, असं काहींच्या मनात आलं असेल. पण शरीराच्या सवयी हा तत्त्वज्ञानाचाच प्रश्न आहे. आम्हांला तो पुस्तकांनी नाही, आमच्याच कमरेने शिकवला.

तीस-बत्तीस वर्षं आम्ही फळ्यासमोर उभे राहिलो. एका पायावर भार आणि मान पुढे. ‘पोक काढू नकोस’ हे लहानपणापासून ऐकलेलं. ऐकलं की पाच मिनिटं छाती काढून बसायचं, पुन्हा ये रे माझ्या मागल्या! निवृत्तीच्या सुमारास कंबर अशी धरली की पायांत मोजे घालायला दुसऱ्याला हाक मारावी लागे. कळत होतं, मग वळत का नव्हतं?

हाच प्रश्न टास्मानियात १८६९ साली जन्मलेल्या फ्रेडरिक मथायस अलेक्झांडर या नटाला पडला होता. रंगमंचावर बोलताना त्याचा आवाज बसे. औषधांनी गुण येईना, तेव्हा तो आरशासमोर उभा राहून बोलू लागला. बोलायच्या क्षणी आपण डोकं मागे-खाली ओढतो आणि गळा दाबतो, हे त्याला दिसलं. त्याने ते सुधारलं, निदान सुधारलं असं त्याला वाटलं. आरसा मात्र सांगत होता की जुनंच चालू आहे!

खरी मेख इथे आहे. चूक ओळखायला आपण जी जाणीव वापरतो, तीच सवयीने बिघडलेली असते. वाकडं बसणं सरळ वाटतं आणि सरळ बसवलं की वाकडं वाटतं. म्हणून नुसत्या हुकमाने काही होत नाही.

अलेक्झांडरकडे पुढे न्यूयॉर्कमध्ये एक थोर शिष्य आले, तत्त्ववेत्ते जॉन ड्यूई. होय, कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना लाभलेले तेच गुरू. ड्यूईंनी अलेक्झांडरच्या तीन पुस्तकांना प्रस्तावना लिहिल्या. १९२२ च्या आपल्या ग्रंथात सवयीचा विचार करताना त्यांनी ताठ उभं राहण्याचंच उदाहरण घेतलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की साधन बदलल्याशिवाय केवळ इच्छेने सवय बदलेल असं मानणं म्हणजे जादूटोण्यावर विश्वास ठेवणं.

आपल्या पुण्यातही वेगळ्या वाटेने हेच घडलं. बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली पुण्यात आले. पट्टा, दोरी, लाकडी ठोकळा, खुर्ची अशी साधनं त्यांनी आसनांसाठी वापरात आणली. आमच्या मते ही साधनं म्हणजे एक प्रकारचा आरसाच. आपल्याला काय वाटतं ते बाजूला ठेवून, प्रत्यक्षात काय आहे ते ती दाखवतात.

मग करायचं काय? पहिलं, थांबायचं. खुर्चीतून उठण्याआधी क्षणभर थांबा आणि मान आवळली जातेय का ते पाहा. डोक्याचं वजन साधारण ४.५ ते ५ किलो. ते मोबाइलवर पुढे झुकलं की मानेच्या स्नायूंना सतत ओढून धरावं लागतं. मोबाइल डोळ्यांकडे आणा, डोळे मोबाइलकडे नेऊ नका. दुसरं, वाकताना कमरेतून नाही, खुब्यातून आणि गुडघ्यांतून वाका. तिसरं, एकाच ढबीत फार वेळ राहू नका, मग ती कितीही ‘योग्य’ असो. मणक्यांमधल्या गादीला मोठ्या माणसात स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. तिचं पोषण आजूबाजूने झिरपतं आणि हालचाल त्याला मदत करते.

याला पुरावा काय, असं विचाराल. इंग्लंडमध्ये जुनाट पाठदुखीच्या ५७९ रुग्णांवर झालेली चाचणी २००८ साली प्रसिद्ध झाली. नेहमीचेच उपचार घेणाऱ्यांना वर्षभरानंतर चार आठवड्यांत सुमारे २१ दिवस दुखत होतं. अलेक्झांडर पद्धतीचे २४ धडे घेतलेल्यांना साधारण तीनच दिवस. हे धडे प्रशिक्षित शिक्षकांनी समोर बसवून दिलेले होते, हे विसरू नका.

आता एक सावधगिरी. कामथडीच्या आसपासच्या खाचरांत आषाढात बायका दिवसभर ओणव्या होऊन भात लावतात. ‘तुमची ढब चुकते’ असं त्यांना सांगणारे आम्ही कोण? तिथे ढब चुकीची नाही, कामच तसं आहे. ओळ संपली की उभं राहून मागे रेलायला, रोपं वाहणं आणि लावणं आलटून पालटून करायला त्यांना सवड मिळाली पाहिजे. ती देणं घरातल्या बाकीच्यांच्या हातात आहे. दुखण्याचा सगळा दोष दुखणाऱ्यावर टाकू नये.

आणि पाय बधिर होत असेल, त्यातली ताकद जात असेल किंवा लघवीवरचा ताबा सुटत असेल, तर व्याख्यानं ऐकत बसू नका, लगेच डॉक्टर गाठा.

आमची कंबर आजही अधूनमधून बोलते. पण मोजे आता आमचे आम्ही घालतो. चला, तासभर बसलात. आता सगळे उठा, प्रश्न उभ्यानेच विचारा.