प्रवरेचे शिंपले

शिंपले वेचायला समुद्रच गाठावा लागतो, असं आमच्या कोल्हारच्या मुलांनाही वाटतं. मी चित्रकला शिकवते. उन्हाळ्यात प्रवरेचं पाणी उतरलं की मुलांना पात्रात नेते. वाळूच्या कडेला, चिखलात अर्धवट रुतलेले काळपट तपकिरी शिंपले सापडतात. वरून पाहिलं तर उचलावासाही वाटणार नाही, पण धुऊन उलटा केला की आतला मोतिया पदर गुलाबी-निळा चमकतो.

समुद्राच्या शंख-शिंपल्यांना आमच्या नदीकाठी फार जुना मान आहे. खाली नेवाशाला डॉ. ह. धी. सांकलिया यांनी १९५४ ते १९५६ या काळात उत्खनन केलं, तेव्हा शंखाच्या बांगड्या मिळाल्या. तो शंख व्यापाऱ्यांबरोबर इतक्या आत आला. देवीच्या आराध्यांच्या गळ्यातल्या कवड्याही दूरच्या समुद्राच्याच. प्रवरेच्या शिंपल्याच्या वाट्याला आलं ते कैऱ्या सोलणं. त्याची पाठ दगडावर घासून भोक पाडायचं आणि भोकाची धार कैरीवरून ओढायची. साल इतकी पातळ निघते की मला आजही सुरीपेक्षा शिंपलाच बरा वाटतो.

आमच्या वर्गात तो रंगाची वाटी होतो. मुघल काळातले लघुचित्रकारही शिंपल्यात रंग ठेवत. आतली बाजू गुळगुळीत असल्यामुळे रंग मुरत नाही, कुंचल्याला शेवटच्या थेंबापर्यंत मिळतो. शिंपल्यांच्या तोरणासाठी भोक पाडायचं तर दगड सतत ओला ठेवा, कोरडी भुकटी छातीत जाणं वाईट. चमक आणायला लिंबू किंवा अ‍ॅसिड लावू नका. शिंपला चुन्याचा असतो, आंबटाने झिजतो.

मिटलेला शिंपला मात्र मी कुणाला घरी नेऊ देत नाही. आत जीव असतो. तो पाणी गाळून त्यातले बारीक कण खातो, म्हणजे नदी साफ करतो. त्याची पिल्लं आधी माशांच्या कल्ल्यांना चिकटून राहतात, मग सुटून तळाच्या वाळूत उतरतात. मासे गेले किंवा वाळू उपसली, तर त्यांना ठाव उरत नाही. जिथे यंत्रांनी वाळू काढली जाते, तिथे शिंपल्यांची घरंच ट्रॉलीत भरली जातात.

नदीवर गेलात तर रिकामे शिंपले हवे तेवढे घ्या. मिटलेला हाती लागला तर होता तिथेच पाण्यात ठेवा. आणि वाळूउपशाचा विषय ग्रामसभेत निघाला तर गप्प बसू नका.