एका नावाचे उंदीर, वेगवेगळे निष्कर्ष : अपस्मार संशोधनाविषयी थोडेसे

अपस्मार, म्हणजे आपल्याकडे ज्यास मिरगी अथवा फिट येणे म्हणतात, त्या आजाराच्या रुग्णांचे नातेवाईक पुष्कळदा वर्तमानपत्रातील कात्रण घेऊन येतात व विचारतात, ‘‘उंदरांवर नवे औषध लागू पडले म्हणे, ते आमच्या मुलाला केव्हा मिळेल?’’ प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर समजण्यासाठी तो उंदीर कोणता व कोठून आणलेला, हे पाहणे अगत्याचे ठरते.

अमरावती-अकोल्याकडील शेतकरी बंधू कपाशीचे बियाणे घेताना वाणाबरोबर कंपनी व लॉट क्रमांकही पाहतात आणि पावती जपून ठेवतात. प्रयोगशाळेतील उंदरांचेही तसेच आहे. ‘सी-५७ ब्लॅक-६’ हा जगभर वापरला जाणारा वाण १९२१ साली अमेरिकेत तयार झाला. १९५१ साली त्यातील काही उंदीर जॅक्सन प्रयोगशाळेतून तेथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेकडे गेले. पुढे दोन्हीकडे स्वतंत्र पैदास झाली, पिढ्यान्‌पिढ्या आनुवंशिक घटकांत लहान लहान बदल साचत गेले आणि एकाच वाणाचे दोन उपवाण झाले.

२००९ साली जर्मनीतील हॅनोव्हर येथील संशोधकांनी निरनिराळ्या पुरवठादारांकडून या वाणाचे उंदीर घेतले व झटके आणणारे पायलोकार्पिन हे रसायन देऊन त्यांची तुलना केली. प्रतिसादात ठळक फरक आढळले. एकाच कंपनीच्या वेगवेगळ्या पैदास-कक्षांतील उंदीरही सारखे वागले नाहीत.

याचा परिणाम औषधाच्या निवडीवर होतो. आज आपल्याकडेही सर्रास दिले जाणारे लेव्हेटिरासिटाम हे औषध निरोगी उंदरांवरील विजेच्या धक्क्याच्या व रसायनाच्या रूढ चाचण्यांत निष्प्रभ ठरले होते. मोठ्या आवाजाने झटके येणाऱ्या उंदरांत मात्र त्याचा गुण दिसला. केवळ रूढ चाचण्यांवर विसंबले असते, तर हे औषध कदाचित बाजूलाच पडले असते.

म्हणून उंदरांचा उपवाण, पुरवठादार, वय व लिंग यांची नोंद शोधनिबंधात असणे आवश्यक आहे. खरेदीची नोंद हा एरवी हिशेब विभागाचा विषय. येथे ती विज्ञानाचाच भाग आहे. संशोधनास साहाय्य करणाऱ्या देणगीदारांनी ही माहिती अवश्य विचारावी. एका ठिकाणच्या उंदरांवर आलेला निष्कर्ष दुसरीकडील उंदरांवरही पडताळला गेला काय, हेही विचारावे.

रुग्णांच्या कुटुंबीयांना नम्र विनंती की, उंदरांवरील यशाची बातमी ही दीर्घ वाटचालीची सुरुवात समजावी. पुढे माणसांवरील चाचण्यांना अनेक वर्षे लागतात. अशा बातमीच्या भरवशावर चालू गोळ्या मनाने बंद करू नयेत. गोळ्या एकाएकी थांबविल्यास न थांबणारे झटके येऊन जिवास धोका संभवतो. कोणताही बदल डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावा.