उभ्या गाडीची टाकी

आकुर्डी आणि चाकण येथील बजाज ऑटोच्या कारखान्यांमुळे पिंपरी-चिंचवडच्या घराघरांशी दुचाकीचे नाते जडले असून, कष्टाच्या पगारातून घेतलेली पहिली मोटारसायकल येथील कामगार कुटुंबे सहसा विकत नाहीत. 2001 साली बाजारात आलेल्या पल्सरच्या सुरुवातीच्या गाड्या निगडी, चिखली, भोसरी येथील इमारतींखाली आजही आढळतात. मालक कंपनीच्या बसने पाळीला जातो, मुले नवी गाडी वापरतात आणि जुनी गाडी महिन्या-दोन महिन्यांतून एखादे वेळी सुरू केली जाते. अशा गाडीची बॅटरी उतरली तर लगेच कळते, परंतु टाकीचा गंज मात्र कार्बोरेटर चोंदेपर्यंत कळत नाही.

टाकी पोलादी पत्र्याची असते, आणि पोलाद गंजण्यासाठी पाणी व प्राणवायू हे दोन्ही लागतात. टाकीच्या झाकणाला हवा आत येण्यासाठी बारीक छिद्र ठेवलेले असते, कारण पेट्रोल खाली उतरत असताना त्याची जागा हवेने घेतली नाही तर पुरवठाच थांबेल. गाडी उभी असतानाही दिवसा तापलेली हवा या छिद्रातून बाहेर पडते आणि रात्री टाकी गार झाली की पावसाळ्यातील दमट हवा आत ओढली जाते, तिच्यातील बाष्प थंड पत्र्यावर दवासारखे साचते आणि थेंब ओघळून तळाशी जातात. एक लिटर पेट्रोलचे वजन साधारण 750 ग्रॅम आणि पाण्याचे 1,000 ग्रॅम असल्याने हे पाणी नेहमी तळालाच राहते. गाडी उभीच ठेवायची म्हणून 15 लिटरच्या टाकीत एक-दोन लिटर पेट्रोल ठेवण्याची सवय म्हणूनच सर्वांत घातक ठरते. रिकामी जागा जितकी जास्त, तितकी ओली हवा जास्त.

टाकीचा आकारही येथे महत्त्वाचा आहे. चौकटीवर बसावी म्हणून तिचा तळ मध्यभागी उंचावलेला असतो आणि दोन्ही बाजूंना दोन खोलगट भाग तयार होतात, परंतु पेट्रोल कॉक बहुधा एकाच बाजूला असतो. त्यामुळे कॉक उघडून पेट्रोल पूर्ण काढले तरी दुसऱ्या बाजूच्या खोलगट भागातील पाणी तसेच राहते आणि गंजून छिद्र नेमके तेथे पडते. टाकी उतरवून उलटी केल्याशिवाय ते पाणी निघत नाही. झाकणाभोवतीच्या खाचेत पडणारे पावसाचे पाणी एका बारीक नळीवाटे खाली जाते. ती नळी धुळीने बुजली की झाकणाचा जुना रबर त्या पाण्याला फार काळ रोखू शकत नाही, म्हणून जूनपूर्वी ती बारीक तारेने मोकळी करणे हा सर्वांत स्वस्त उपाय होय.

2023 पासून देशात टप्प्याटप्प्याने आलेल्या 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने या प्रश्नात भर घातली आहे. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. हे पाणी काही मर्यादेपर्यंत मिश्रणात विरघळून राहते, परंतु ती मर्यादा ओलांडली की इथेनॉल आणि पाणी एकत्र येऊन पेट्रोलपासून वेगळा थर करतात आणि तळाशी बसतात. यास थरविभाजन म्हणता येईल. काचेच्या पारदर्शक बाटलीत कॉकमधून थोडे पेट्रोल काढून पाहिल्यास हा थर डोळ्यांना दिसतो.

गाडी दोन-तीन महिने उभी राहणार असेल, तर पेट्रोल प्रसरण पावण्यापुरती थोडी जागा सोडून टाकी भरून ठेवावी आणि कार्बोरेटरच्या गाडीत कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे. त्याहून अधिक काळासाठी मात्र टाकी उतरवून रिकामी करणे, पूर्ण वाळवणे आणि आत थोडे टू-स्ट्रोक तेल फिरवून पत्र्यावर पातळ लेप देणे अधिक योग्य, कारण जुने पेट्रोल काही महिन्यांत चिकट होते. इंधन इंजेक्शनच्या गाड्यांत पंप टाकीतच बसवलेला असून पेट्रोलच त्याला गार ठेवते, त्यामुळे अशी गाडी कोरडी होईपर्यंत चालवू नये.

गंज आधीच धरला असेल तर सौम्य फॉस्फरिक आम्लाने तो काढता येतो, मात्र त्यासाठी टाकी गाडीवरून उतरवून पेट्रोलची वाफ पूर्ण निघून गेलेली असावी. आम्ल काढून पाण्याने धुतलेला उघडा पत्रा काही मिनिटांतच पुन्हा तांबूस होऊ लागतो. म्हणून हवा मारण्याची सोय आणि तेल, ही दोन्ही आम्ल ओतण्यापूर्वीच हाताशी ठेवावी लागतात.